कुत्र्यानं सांडलेली आंबील

आमच्या तेर गावात सखूमावशीच्या घराइतकं स्वच्छ घर दुसरं नाही. हे मी शेजारी म्हणून सांगत नाही, ड्रायव्हर म्हणून सांगतो. माझी सात सीटांची गाडी भाड्यानं चालते, आणि तेरा वर्षांत माणसांनी तिच्यात काय काय करून ठेवलंय ते ऐकाल तर तुमचं जेवण जाईल. तेव्हा घाण कशी असते आणि कुणाची असते, हे मला कळतं.

सखूबाईनं वीस वर्षं शाळेत खिचडी शिजवली. पातेली अशी घासायची की त्यात तोंड बघून हेडमास्तर भांग पाडतात, असं आम्ही पोरं म्हणायचो. नवरा लवकर गेला. एक मुलगा, रणधीर. त्याला इंजिनिअर केलं आणि तो आखातात, दोह्याला गेला. बारा वर्षं मावशी एकटी राहिली. जिभेला धार अशी की भाजीवालासुद्धा तिच्या दारात तराजू सरळ धरायचा. ईदला आमच्या घरचा शीरखुर्मा तिच्याकडं जायचा आणि येळवसच्या सणाला मी तिच्या शेतावर जेवायचो; अम्मी गेली तरी यात खंड पडला नाही.

गेल्या डिसेंबरात रणधीर बायको आणि नऊ वर्षांच्या समृद्धीला घेऊन पंधरा दिवसांसाठी आला. तिकडची नोकरी मार्चमध्ये संपणार होती. फोनवर तो आईला म्हणाला होता, "कायमचं यायच्या आधी एकदा गाडी करून सगळं फिरून बघतो. मग ठरवतो, तेरला राहायचं का पुण्याला." मावशीनं त्यातलं तेरच तेवढं ऐकलं. विलायती संडास बांधून घेतला, खिडक्यांना डासांच्या जाळ्या मारल्या आणि गावभर सांगत सुटली की लेक घरी येतोय. मला म्हणाली, "गाडी तुझीच लाव, अक्रम. आन वाईच धुऊन आन."

चार दिवस फिरवलं मी त्यांना. तुळजापूर, नळदुर्ग, परंडा. मावशी पुढं माझ्याशेजारी, ते तिघं मागं. धूळ आली की नाकाला रुमाल, चहाच्या टपरीवर उतरले की कपाकडं बघून तोंड वाकडं. नळदुर्गला किल्ला सोडून रणधीरनं मुतारीचे फोटो काढले आणि तिकडच्या मित्रांना पाठवले. दर दहा मिनिटांनी ओल्या कागदानं हात पुसायचे आणि तो कागद काच खाली करून रस्त्यावर टाकायचे. वर "लोकांना सिव्हिक सेन्स नाही" हेही तेच म्हणायचे. मला इतकी शिसारी आली की दोनदा गाडी उगाचच खड्ड्यातून घेतली. मावशी मात्र प्रत्येक गावात मागं वळून सांगायची, आता रस्ता चांगला होणार हाय, आता दवाखाना होणार हाय. चार दिवस ती पोराला आपला जिल्हा विकत होती आणि तो भाव पाडत होता.

पाचव्या दिवशी येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गाव ओस पडतं आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पांडव म्हणून पुजायचे, येईल त्याला जेवू घालायचं. यातली मुख्य गोष्ट आंबील. ज्वारीचं पीठ ताकात कालवून, लसूण-कोथिंबीर घालून मडक्यात रात्रभर ठेवतात. सकाळपर्यंत ती आंबते, तिला वास सुटतो, तेव्हाच ती आंबील होते. घरच्या पुरुषानं ती पिकावर शिंपडत शेताला फेरी मारायची. बारा वर्षं ही फेरी शेजारच्या शेताचा शंभुलिंग मारत होता. यंदा रणधीर मारणार, म्हणून मावशीनं नवं मडकं आणून त्यावर चुन्याच्या रेघा ओढल्या होत्या.

सकाळी मी त्यांच्या दारात गाडीची काच पुसत होतो. मावशी न्हाणीत होती. सूनबाई ते मडकं घेऊन बाहेर आली. तिनं आत वाकून वास घेतला आणि मान झटकन मागं घेतली. "किती आंबलंय हे. समृद्धीच्या पोटात गेलं तर संपलंच," ती रणधीरला म्हणाली. ती नाशिककडची, येळवस तिला ऐकूनही माहीत नव्हती. रणधीर दात घासत उभा होता. त्यानं मडक्याकडं बघितलं, त्यावरच्या रेघांकडं बघितलं, आणि पुन्हा दात घासायला लागला. तिनं सगळी आंबील गटारीत ओतली, मडकं नळाखाली धुतलं आणि कट्ट्यावर पालथं घातलं.

गिऱ्हाइकाच्या घरात तोंड घालायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. मी काच पुसत राहिलो.

मावशी नवं इरकल लुगडं नेसून बाहेर आली. तिनं आधी मडक्याचा रिकामा कोपरा बघितला, मग कट्टा. "आंबील कुठाय रं?"

"कुत्रं शिरलं होतं आई," रणधीर म्हणाला. "सांडलं सगळं."

सूनबाईनं नवऱ्याकडं चमकून बघितलं. मावशीनं पालथ्या मडक्यावरनं हात फिरवला. मग म्हणाली, "आसू दे. दाराला कडी लावायची म्याच इसरले आसन." भज्जीचं, म्हणजे पालेभाज्या-शेंगांच्या मिसळीचं, पातेलं, बाजरीचे उंडे, पोळ्या आम्ही गाडीत ठेवल्या. मग शेताकडं निघालो. माझ्या तोंडाची चव गेली होती. खोटं बोलायचं तर बोल, पण ज्या आईनं दुसऱ्यांच्या पोरांची उष्टी भांडी घासून तुला शिकवलं, तिच्या हातच्या घासावर कुत्र्याचं तोंड लावतोस?

शेतात शंभुलिंगकडनं तांब्याभर आंबील मागून घ्यावी लागली. मागताना मावशीची मान खाली होती; तिनं आयुष्यात कुणाकडं मीठसुद्धा मागितलेलं मला आठवत नाही. पूजा झाली. रणधीरनं बूट काढले, तांब्या घेतला आणि उभ्या ज्वारीच्या ताटांमधनं आंबील शिंपडत, फेरीची ठरलेली आरोळी देत निघाला. "ओलगे ओलगे सालम पलगे." आधी पुटपुटला, मग त्याचा आवाज मोकळा झाला, मग ओरडायलाच लागला. समृद्धी ओरडत त्याच्यामागं पळाली. परत आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"ठरलं आई," तो म्हणाला. "पुणं नको. मार्चला आम्ही तेरलाच येतो, तुझ्याजवळ."

शंभुलिंगनं हात जोडले. मला वाटलं, झालं, जिंकली म्हातारी. मावशी पोळीवर तूप घालत होती. तिनं वाटी खाली ठेवली.

"नको," ती म्हणाली. "तू पुण्यालाच राहा."

"अगं, पण का?"

"कुत्रं मडकं धुऊन पालथं घालत न्हाय, रणधीर."

सूनबाईला रडू फुटलं. "आई, मी टाकलं. मला वाटलं नासलंय. मला खरंच माहीत नव्हतं."

"तुला ठावं नव्हतं, बाई. तुझ्यावर माझा राग न्हाय. पुढच्या बारीला ये, शिकवते." मग तिनं मुलाकडं बघितलं. आवाज जराही चढवला नाही. "ह्याला ठावं होतं. ह्यो आंबील पिऊनच वाढलाय. चार दिस ह्यानं समद्याला नाक मुरडलं, म्या म्हणलं, आसू दे, सवय मोडली आसंल. पर बायकोला येका शबदानं सांगायचीबी तुला लाज वाटली, की ही माझ्या आईची आंबील हाय. बारा वरसं वाट बघितली रं तुझी. आन आता तू येतो म्हणलास, तर मला तुझी किळस यायली. आसं मन घिऊन येका घरात कसं राहावं?"

रणधीरनं रिकामा तांब्या खाली ठेवला. मावशी पुन्हा वाढायला लागली. समृद्धीला वाढलं, सुनेला वाढलं, शंभुलिंगला वाढलं, मग रणधीरसमोरही ताट ठेवलं. शेवटी माझ्याकडं आली.

"तू तर दारातच हुतास की सकाळी, अक्रम."

"व्हय, मावशी."

"दिसलं तुला?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पाठमोरा होतो म्हणालो असतो, तर तिनं मानलंही असतं.

"दिसलं," मी म्हणालो. "पर बोललो न्हाय."

तिनं ताट माझ्यासमोर ठेवलं. "जेव," म्हणाली, आणि माझ्याकडं न बघता तोंड फिरवलं.