घुलेनं पाहिलेला बर्फ

सध्या मी बहरीनला, हिद्दच्या एका गोदामात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. त्याआधी सतरा वर्षं इन्फंट्रीत होतो. त्यातला एक हिवाळा सांगतो.

पोस्ट साडेचौदा हजार फुटांवर होती. पहाटे बर्फ तपासायचा, मग रसद घेऊन वरच्या पोस्टला पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, न्यायची, हे रोजचं काम. मी हवालदार. नाईक सखाराम घुले माझ्याच तालुक्यातला, हुद्द्यानं खाली. पण बर्फ त्याला कळायचा. खड्डा खणून थर बोटांनी दाबून बघायचा आणि जायचं की नाही ते सांगायचा. मी समोर उभा असलो तरी आमचे मेजरसाहेब विचारायचे, "घुले क्या बोलता है?" माझा नुसता जळफळाट व्हायचा. जेवताना त्याच्या शेजारी बसायचंही मी सोडलं होतं.

एकदा तीन दिवस बर्फ पडला, मग वारा सुटला. चौथ्या दिवशी पेट्रोल कमांडर मी होतो. घुले खड्ड्यातून वर आला. मुठीत जाड साखरेसारखे सुटे कण होते.

"उस्ताद, खालचा थर असा आहे. वरचा त्याच्यावर नुसता ठेवलाय. आज नाल्यातून नको, डोंगराच्या धारेवरून जाऊ."

धारेवरून चार तास जास्त लागले असते. पण खरं कारण ते नव्हतं. एकदा तरी मला त्याच्याशिवाय निर्णय घ्यायचा होता.

रेडिओवर मेजरसाहेब आले. "स्नो कैसा है? ओव्हर."

"पक्का है, सर. नाले से जा रहे हैं. ओव्हर."

घुलेनं ऐकलं. त्यानं हिमस्खलनात माणूस शोधायची लाल दोरी कमरेला बांधली.

आमच्या कंपनीत रिवाज होता, रस्ता ठीक म्हणणाऱ्यानं आधी पार व्हायचं. ०६४० ला मी उतारावर पाय टाकला. ०६५२ ला पलीकडे पोचलो. बर्फ हलला नाही. मला इतका आनंद झाला, की मी ओरडलो, "या आता, पंडित!"

तो मध्यावर आला आणि खालून भस्सकन आवाज झाला. अख्खा उतार निघाला. दोरीचं टोक सापडायला पस्तीस मिनिटं लागली. तोवर तो गेला होता.

चौकशीत विचारलं, "स्नो किसने चेक किया?"

"नाईक घुले ने, सर."

ते खरंच होतं. पुढचं कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. अंदाज चुकल्याचा ठपका त्याच्यावर बसला. तरीही युनिटमध्ये त्याच्या फोटोला हार घातलेला पाहून माझ्या पोटात दुखलं. सांगायला लाज वाटते, पण दुखलं.

गेल्या शुक्रवारी दुपारी त्याचा मुलगा माझा नंबर शोधून भेटायला आला. इथंच बहरीनमध्ये, सीफला अकाउंटंट आहे.

"काका, बाबांचा अंदाज चुकला, असं कागदावर आहे. आजोबा अजून मानत नाहीत. तुम्ही तिथं होतात. चुकला होता?"

माझ्यासाठी इतकी वर्षं कुणी असं भांडलं नसतं, हे तेव्हाही मनात आलंच.

"नाही," मी म्हणालो. "तो नको म्हणाला होता. मी नेलं."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "लिहून द्याल?"

देतो. नाईक सखाराम घुले यांचा अंदाज बरोबर होता. खोटा रिपोर्ट मी दिला.