शुक्रवारच्या सह्या

ओपीडी मंगळवारी आणि सह्या शुक्रवारच्या. रजिस्टरमध्ये असं काही दिसलं की मी चष्मा पुसून परत बघते.

वीस-एक वर्षं नर्सची नोकरी केल्यावर गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून मी तपासणीचं काम घेतलं. वस्त्यांमधली मानसिक आरोग्य केंद्रं एका संस्थेच्या वतीने बघायची, बारा पानांचा फॉर्म भरायचा. गोळ्यांच्या कपाटाला कुलूप आहे का? पेशंटशी बोलायला वेगळी खोली आहे की पडद्यावर भागवलंय? औषध देताना पेशंट स्वतः समोर असतो का? या शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ उत्तर आलं की पुढे फार पत्रव्यवहार होतो, त्यामुळे बहुतेक केंद्रांवर ते उत्तर ‘हो’च असतं. ते खरं आहे का, हे बघायलाच मी जाते.

भिवंडीतलं कामतघरचं केंद्र म्हणजे समाजमंदिरामागची एक खोली. डॉक्टर ठाण्याहून दर मंगळवारी येतात. बाकीचे दिवस केंद्र एकटी ताई चालवते. पस्तिशीची समाजसेविका, बाजूच्याच गल्लीत वाढलेली, शिकून परत तिथेच आलेली. कपाटाला कुलूप होतं, किल्ली तिच्या गळ्यात. फाइली क्रमाने लावलेल्या. गोपनीयतेच्या पानावर मी तिला पूर्ण मार्क दिले आणि मग औषधाचं रजिस्टर उघडलं.

“शुक्रवारी ओपीडी नसते ना?”

“नसते मॅडम.”

“मग या अकरा जणांनी शुक्रवारी सह्या कुठे केल्या?”

ताईने माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलावं का, याचा विचार तिने साधारण एक सेकंद केला असावा.

“भिस्सीत.”

भिस्सी म्हणजे लूमवरच्या, यंत्रमागावरच्या कामगारांची खाणावळ. गाव सोडून एकटे आलेले पुरुष एखाद्या बाईकडे महिन्याचं जेवण लावतात, दोन्ही वेळा तिथेच जेवतात. मी भिवंडीतच वाढले, मला ते समजावून सांगायची गरज नव्हती. पण गोळ्या आणि भिस्सी यांचा संबंध मला समजावून हवा होता.

“हे सगळे लूमवर आहेत,” ताई म्हणाली. “बारा-बारा तासांची शिफ्ट. मंगळवारी सुट्टी मागितली तर मुकादम लूम बदलीवाल्याला देतो. शुक्रवारी लूम बंद, तेव्हा मी रजिस्टर घेऊन भिस्सीत जाते. तीन महिन्यांतून एकदा काहीतरी करून मी त्यांना डॉक्टरसमोर आणते. मधल्या काळातल्या गोळ्या मावशीकडे असतात. जेवणाबरोबर देते ती.”

“मावशी कोण? नर्स?”

“भिस्सीवाली.”

मी पेन खाली ठेवलं. पुढचं सगळं ऐकून घेतलं. मावशीकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. भिस्सीत प्रत्येकाचं स्वतःचं ताट असतं आणि ताटावर खिळ्याने ठोकलेली खूण असते. कुणाची चांदणी, कुणाचा मासा, कुणाच्या नुसत्या तीन रेघा. ताई गोळ्यांच्या पुड्यांवर नाव लिहीत नाही, तीच खूण काढते. मावशी भात वाढताना पुडी ताटाखाली सरकवते. कोण जेवायला आलं नाही ते तिला त्याच दिवशी कळतं आणि ती ताईला फोन करते.

“म्हणजे औषध एक अप्रशिक्षित बाई देते, बिस्किटाच्या डब्यातून,” मी म्हटलं.

“आणि एकाचीही गोळी चुकत नाही,” ताई म्हणाली. “ते लिहायला जागा आहे का तुमच्या फॉर्मात?”

जागा नव्हती. फॉर्मला तीन पेशंटांच्या मुलाखती हव्या होत्या. ताई म्हणाली, शुक्रवारी या, जेवणं झाली की मागच्या खोलीत बसवते. मी म्हटलं, तू निवडलेले आणि तू पढवलेले तीन जण ऐकून मला काय कळणार? मी स्वतः एक फाइल काढली. तिशीतला माणूस, कानात आवाज यायचे म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याला भावाने आणलेलं. दोन वर्षं गोळ्या नीट, दोन वर्षं कामावर. घरच्या पत्त्याच्या जागी लूमच्या गाळ्याचाच पत्ता होता. तो मी वहीत उतरवून घेतला.

गुरुवारी मला दापोड्याला एका गोदामात दुसरं काम होतं. ते लवकर आटपलं. शुक्रवारपर्यंत थांबायचं काही कारण मला दिसेना. न सांगता गेलं की खरं दिसतं, हा माझा जुना नियम. रिक्षा केली आणि थेट गाळ्यावर गेले.

लूमच्या गाळ्यात माणसं बोलत नाहीत, खुणा करतात. हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. तरी मी दारात उभी राहून मुकादमाला हाका मारल्या. तो आला. मी त्या माणसाचं नाव सांगितलं, दोन मिनिटं बाहेर पाठवा म्हटलं.

“कौन हो आप?”

मी कार्ड दाखवलं. त्याने ते उलटंसुलटं करून परत दिलं.

“बँक से?”

“नहीं, हेल्थ सेंटर से.”

“टीबी का?”

“नहीं.”

“मलेरिया? अभी पिछले हफ्ते तो धुआँ मार के गए.”

चाळीस लूमचा खडखडाट, रुईने भरलेली हवा, साडीचा पदर सावरत मी उभी. मला अशा वेळी धीर धरता येत नाही. मी त्याच्या कानाकडे तोंड नेलं आणि सगळा जोर लावून ओरडले, “मलेरिया नहीं! दिमाग़ का इलाज चल रहा है उनका, उसी का पूछना है!”

माझ्या पहिल्या दोन शब्दांनंतर लाइट गेली.

भिवंडीत लाइट जाते, त्यात नवीन काही नाही. चाळीसच्या चाळीस लूम एकदम थांबल्या आणि उरलेलं वाक्य मी पूर्ण शांततेत, वर्गात धडा वाचावा तसं, सगळ्या गाळ्याला ऐकवलं.

माणसांनी माना वर केल्या. कुणीतरी हसलं. मागून एक जण म्हणाला, “पागलखाने वाली मॅडम है रे.” तिसऱ्या रांगेत एक बारीक माणूस हातात तुटलेला धागा धरून उभा होता. तो कोण हे मला सांगावं लागलं नाही, कारण आता सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्याने धागा जोडला, गाठ मारली, हात पँटला पुसले आणि बाहेर आला.

“पूछिए मॅडम,” तो म्हणाला. “अब क्या पूछना है?”

मी वही पिशवीत टाकली. पाच-सात मिनिटांनी लाइट आली. तो आत जायला लागला तर मुकादमाने दारातच हात आडवा धरला. “तू बैठ बाहर. मशीन में हाथ गया तो सेठ मेरे को पकड़ेगा.” त्याच्या लूमवर दुसरा माणूस उभा केला.

मी चालत केंद्रावर गेले आणि ताईला सगळं सांगितलं. संपल्यावर ती म्हणाली, “कपाटाला कुलूप आहे म्हणून मला पूर्ण मार्क दिलेत ना काल?”

“ते काढून घेते,” मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

“माझे कशाला काढता? तुमचे काढा.”

मग आम्ही कामाचं बोललो. त्याची लूम गेली तर भिस्सी सुटेल, भिस्सी सुटली की गोळी सुटेल, आणि गोळी सुटल्यावर काय होतं ते फाइलीच्या पहिल्या पानावर डॉक्टरांच्या अक्षरात होतं. म्हणजे त्याला त्या लूमवर परत उभं करायचं होतं, आणि ते बदलीवाला पक्का व्हायच्या आत.

शुक्रवारी दुपारी मी भिस्सीत गेले, ताईने आधी सांगितलेल्या वेळी, मागच्या दाराने. मावशी साठीच्या आसपासची, इथलीच, कासोट्याचं लुगडं, हातात उलथनं. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“गाल्यात बोंबललीस ती तूच काय गो?”

“हो, मीच.”

“बस. आवाज चांगला हाय तुजा. जेवलीस का न्हाय?”

मागच्या खोलीत तांदळाच्या गोणीवर तो माणूस बसला होता. ताई त्याच्याशेजारी. मी विचार करूनच आले होते. म्हटलं, मी मुकादमाला सांगते, नावात घोळ झाला, मला दुसराच माणूस हवा होता.

“झूठ बोलेंगी?” त्याने विचारलं.

“हां.”

“नहीं मॅडम. आप बोलेंगी तो फिर सब सुनेंगे. मैं खुद बोलूँगा.”

ताईने त्याला दोनदा विचारलं, नक्की का. तो नक्की म्हणाला.

मुकादमही त्याच भिस्सीत जेवायचा. पुढच्या खोलीत पंगत बसली होती. शुक्रवार म्हणून मटण होतं. आम्ही दोघी दाराआड. तो जाऊन मुकादमाच्या बाजूला बसला, स्वतःचं ताट पुढे घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, “दिमाग़ की गोली खाता हूँ. दो साल से.”

मुकादमाचा घास हातातच राहिला. “नशा होता है उससे?”

“तुमने कभी देखा?”

“हाथ-वाथ कट गया तो?”

“दो साल में मेरा कपड़ा कितनी बार वापस आया, मुकादम? तुम ही बोलो.”

रस्सा वाढत मावशी तिथवर पोचली होती. “मुकादम, तुमारा बीपी का गोली बी मेरे डब्बे में हय,” ती अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाली. “तुमारा हात मशीन में नय जाता? चक्कर आके?”

पंगत हसली. गोपनीयतेच्या दृष्टीने हेही चूकच होतं आणि मी ते फॉर्मवर लिहायला हवं होतं. ते तेवढं मी लिहिलेलं नाही. मुकादमही शेवटी हसला, पण मान्य केलं नाही. “डॉक्टर का कागज़ लाओ. फिर सेठ को बोलता हूँ.”

डॉक्टर मंगळवारी येणार. तोवर बदलीवाला चार दिवस जुना झाला असता. शनिवारी सकाळी मी बसने ठाण्याला गेले, डॉक्टरांच्या दवाखान्यात रांगेत बसले आणि पेशंटच्या सहीची संमती दाखवून दोन ओळींचं पत्र घेतलं. हा माणूस काम करायला योग्य आहे, रात्रीची शिफ्ट शक्यतो देऊ नये. आजाराचं नाव नाही. संध्याकाळी ते ताईकडे दिलं, ताईने त्याला, त्याने मुकादमाला. मी गाळ्याच्या आसपास फिरकले नाही.

सोमवारी त्याला घेतलं. आधी दोनच लूम दिल्या, पुढच्या महिन्यात पहिल्यासारख्या चार. गाळ्यात त्याला काही दिवस ‘डॉक्टर’ म्हणून चिडवत होते, मग कंटाळले.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. त्याच गाळ्यात ताईचा आणखी एक पेशंट होता, ताटावर मासा असलेला. लाइट गेली तेव्हा तोही माना वर करून बघणाऱ्यांत होता. त्याने पुढच्या आठवड्यापासून पुडी ताटाखाली तशीच ठेवायला सुरुवात केली, मग भिस्सी बदलली, मग गावी गेला असं कळलं. ताईने त्याच्या घरी फोन लावून पाहिले. कुणी उचलत नाही. ती फाइल तिने बंद केलेली नाही.

अहवालात मी भिस्सीची पद्धत होती तशी लिहिली. तिच्यात दोन दुरुस्त्या सुचवल्या, पुड्या आठवड्याच्या आणि चिकटवलेल्या असाव्यात, आणि मावशीला एक दुपार नीट शिकवावं. औषध देताना पेशंट स्वतः समोर असतो का, या प्रश्नापुढे ‘हो’ लिहिलं. मग ‘इतर निरीक्षणे’ या रकान्यात गाळ्यातला प्रकार लिहिला. कुणी ओरडलं, काय ओरडलं, त्याने कुणाचं काय झालं.

ऑफिसातून फोन आला. “मॅडम, हे केंद्राच्या त्रुटींत धरायचं का?”

“नाही. तपासनीसाच्या.”

“त्याला रकाना नाही. काढून टाकू?”

“काढू नका,” मी म्हटलं. “मी घातलाय तिथेच राहू द्या.”

सहा महिन्यांनी फेरतपासणी होती. मी ताईला विचारून शुक्रवारी गेले. मावशीने मला कोरं ताट वाढलं, बिनखुणेचं. लूमवर परत घेतलेला तो माणूस माझ्यापासून दोन माणसं सोडून बसला होता. जेवला, ताटाखालची पुडी काढली, गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायला, कागद घडी करून खिशात ठेवला. ताईने त्याला खुणेने मागच्या खोलीकडे दाखवलं, मुलाखत देतोस का म्हणून. त्याने नकारार्थी मान हलवली आणि ताट घासायला नळावर गेला.

त्या दिवशी तीन मुलाखती हव्या होत्या. फॉर्मवर मी दोन लिहिल्या.