आकाशातला चाकरमानी

माझ्या वडिलांना इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तरी वर्षानुवर्षं त्यांनी इंग्रजी सिनेमे मराठीत सांगून लोकांना रडवलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे झालं त्यात त्यांचा दोष नव्हता, माझा होता.

बाबा टुरिंग टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. भातकापणी आटोपली की तंबू बाहेर पडायचा, गावोगाव फिरायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. हिंदी-मराठी सिनेमाची पेटी वेळेवर आली नाही की मालक स्वस्तातली एखादी जुनी इंग्रजी प्रत लावायचा. भाषा मालकालाही कळायची नाही आणि बघणाऱ्यांनाही. मग जाहिरातीचा माईक बाबा हातात घेत आणि पडद्यावरची माणसं काय बोलतायत ते मराठीत सांगत. सांगत कसले, रचत.

त्यातला एक सिनेमा त्यांचा लाडका होता. काळा-पांढरा. डोक्याला पत्र्याची टोपी घातलेला एक माणूस ताऱ्यावरून खाली उतरतो आणि एका शेतकरीण बाईच्या गोठ्यात राहतो. बाबांच्या तोंडून तो माणूस चाकरमानी व्हायचा. पोटासाठी पृथ्वीवर आलेला, परतीचं भाडं नसलेला, गणपतीला तरी घरी पोचू दे म्हणून तळमळणारा. बाई त्याला वाडग्यातून काहीतरी द्यायची, बाबा म्हणायचे पेज. तो काठीने मातीत रेघोट्या ओढायचा, तर बाबा सांगायचे, "बघा, घर काढतोय. हे अंगण, ही विहीर, इथे त्याची आई उभी राहते." प्रतीचं शेवटचं रीळ तुटकं होतं. नुसता लख्ख उजेड दिसायचा आणि सिनेमा संपायचा. बाबा म्हणायचे, गेला, आपल्या घरी गेला.

आई सावर्ड्याची. बायकांच्या बाजूला बसून तिने हा सिनेमा तीनदा ऐकला होता. पुढे स्थळ सांगून आलं तेव्हा "माईकवाला का तो?" एवढंच विचारून तिने होकार दिला. लहानपणी मला झोपवताना बाबा हीच गोष्ट सांगायचे. मला ती पाठ होती, मध्ये कुठे थांबायचं आणि कुठे उसासा टाकायचा त्यासकट.

तंबू बंद पडले. आम्ही मांडवीला राहायला आलो, बाबा शहरातल्या थिएटरात लागले. आणि मग घशाचा कॅन्सर निघाला. मुंबईला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला भोक, त्यावर पांढरी पट्टी आणि हातात माझी शाळेतली पाटी. एवढा बोलका माणूस, पण कोणी घरी आलं की मागच्या पडवीत जाऊन बसायला लागला. मला ते बघवायचं नाही. कुणी हळहळायला आलं की मी अंगावर जायचे, आणि आई मला गप्प करायची.

त्याच सुमारास शेजारचा बोटीवरचा दादा सुट्टीवर आला. सिंगापूरहून त्याने व्हिडिओ कॅसेटींची थप्पी आणली होती. असले परग्रहाबिरग्रहाचे जुने सिनेमे तेव्हा तिकडे नव्याने कॅसेटवर निघत होते, चकचकीत वेष्टनात. दादा मागच्या पडवीत येऊन ती दाखवत होता आणि बाबांनी एकदम त्याच्या हातातली एक कॅसेट ओढून घेतली. वेष्टनावर पत्र्याची टोपी. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, संपूर्ण प्रत, आजवर न दाखवलेल्या भागासह. मी ते बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, "हाच."

मी ठरवलं, हा सिनेमा आपल्या घरी लावायचा, वाडीतल्या सगळ्यांना बोलवायचं आणि बाबांना पुढे बसवायचं. त्यांना पुन्हा माणसांत आणायचं, एवढंच माझ्या मनात होतं. देवाशपथ एवढंच.

रविवारी जेवणं झाल्यावर भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर रिक्षातून आला. पंचवीसेक माणसं ओटीवर दाटीवाटीने बसली. त्यातल्या म्हाताऱ्यांनी तंबूत बाबांना ऐकलेलं होतं. बाबा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना असं ताठ बसलेलं पाहिलं. सिनेमा सुरू झाला आणि पलीकडची काकी म्हणाली, "आता सांगणार कोण?" बाबांनी माझ्याकडे बोट केलं.

मी उभी राहिले. सुरुवात त्यांच्याच शब्दांत केली. चाकरमानी, परतीचं भाडं, गणपती. म्हाताऱ्या माना डोलवायला लागल्या. बाबा माझ्या शब्दाबरोबर ओठ हलवत होते.

पण मी तेव्हा बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं आणि मला त्याचा माज होता. पडद्यावरचं बोलणं मला कळत होतं. सगळं नाही, पण बरंच. तो माणूस चाकरमानी नव्हताच. ताऱ्यावरच्या फौजेने पुढे पाठवलेला हेर होता तो. त्याने मातीत रेघोट्या ओढायला घेतल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "घर नाही काढत आहे तो. नकाशा काढतोय. हल्ला कुठून करायचा त्याचा."

तिथेच थांबले असते तर सावरता आलं असतं. नाही थांबले. मास्तरणीच्या थाटात शेवटपर्यंत खरं खरं सांगत राहिले. ती बाई त्याला फसते हेही सांगितलं. आणि तो शेवटचा भाग आला, जो तंबूत कधीच कोणी पाहिला नव्हता. सैनिक त्याला गोठ्यात कोंडून जाळतात. मी म्हटलं, "म्हणजे तो घरी जातच नाही. मरतो."

मग काकीचा मुंबईहून आलेला पुतण्या हसून म्हणाला, "म्हणजे काकांनी इतकी वर्षं फेकलंच की." चारदोन जण हसले. वाईट मनाने नव्हे, असंच. बाबा उठले, माणसांतून वाट काढत मागच्या पडवीत गेले.

सगळी गेल्यावर मी मागे गेले. त्यांनी पाटी माझ्यापुढे धरली. "लोकांना सांग, मी चुकीचं सांगत होतो."

मी रडत चुलीपाशी आईकडे गेले. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "अगो, तंबूत कोणाला ठाऊक नव्हतं? आमच्या पुढ्यात एक मास्तर बसायचे, त्यांना इंग्रजी यायचं. पहिल्याच खेळाला ते म्हणाले, हा भलतंच काहीतरी सांगतोय. आम्ही बायकांनी त्यांना गप्प बसवलं. घराघरातले पुरुष मुंबईला होते. आम्हाला तेच ऐकायचं होतं. गावागावात हे ठाऊक होतं, पण खरी गोष्ट वेगळी आहे हे ह्यांना कोणी कळू दिलं नाही. तू दिलंस."

काय करावं ते मला सुचेना. सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं असं बाबांना सांगावं, तर त्यांना वाटेल की लोक इतकी वर्षं पाठीमागे हसत होते. न सांगावं, तर आपण गरीब माणसांना फसवलं हे मनात घेऊन ते बसणार. मी दिवस ढकलत राहिले. कोणाकडे गेले नाही, कोणाला काही सांगितलं नाही.

आठ दिवसांनी त्यांनी पाटीवर विचारलं, "सांगितलंस?"

मी म्हटलं, "हो."

"काय म्हणाले?"

आईचं बोलणं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांचा चेहरा बघून माझा धीर सुटला. मी म्हटलं, "काही नाही म्हणाले."

त्यांनी मान हलवली आणि पाटी पुसली. त्यानंतर ते ओटीवर आले ते माघात, त्यांना चौघांनी उचलून आणलं तेव्हा.

माझ्या बापाने कुठल्याशा परक्या माणसासाठी घर रचलं, अंगण रचलं, त्याची वाट बघणारी आई उभी केली. त्या बापासाठी मला दोन वाक्यं बोलायची होती. लोकांना सगळं ठाऊक होतं, बाबा. तरी ते तुमचंच ऐकायला येत होते. ही तर रचायचीही नव्हती, खरीच होती.