साळवेचं मालवाहू जहाज

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसलो होतो. “काका, बाबा गेले,” ती म्हणाली. “जेवून उठले आणि...” तिचे बाबा म्हणजे मिलिंद साळवे, माझा मित्र. दिंडोशीच्या आमच्या वसाहतीत तो समोरच्याच इमारतीत राहायचा, माझ्या खिडकीतून त्याची बाल्कनी दिसते. उठून तिकडे जायला मला तीन मिनिटं पुरली असती, पण मी मेथीच निवडत राहिलो. दीड वर्ष आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो, आणि त्यात चूक माझी होती.

आमची ओळख झाली तीही माझ्या चुकीमुळेच. मी मालाडच्या शाळेत विज्ञान शिकवायचो आणि दिवाळी अंकांसाठी अंतराळातल्या गोष्टी लिहायचो. वसाहतीच्या वाचनालयात एकदा मी अशीच एक गोष्ट वाचली. त्यात एक जहाज मंगळावरच्या वस्तीसाठी कोंबडीची पिल्लं घेऊन निघतं आणि त्याच खणात कोरड्या बर्फात ठेवलेल्या लसी असतात. टाळ्या वगैरे झाल्या. मग नीट इस्त्री केलेल्या शर्टातला एक माणूस पुढे आला आणि म्हणाला, “मास्तर, गोष्ट झकास. पण तुमची पिल्लं मेली.” कशी काय, मी विचारलं. “कोरड्या बर्फाचा वायू होतो ना? बंद खणात पिल्लं गुदमरणार. आमच्याकडे असं कुणी भरलं तर त्याची वाट लागेल.” आमच्याकडे म्हणजे अंधेरीच्या विमानतळावर, मालवाहतूक विभागात. विमानाच्या पोटात कुठला माल कुठे ठेवायचा म्हणजे विमानाचा तोल राहील, हे ठरवण्यात त्याची सगळी नोकरी गेली होती. जन्मभर मुलांना वायूंचे गुणधर्म शिकवणारा मी, चारचौघांत असा तोंडावर आपटलो! रागही आला. पण दुसऱ्याच दिवशी त्याचं दार वाजवलं आणि म्हटलं, चला, आता तुम्हीच जहाज बांधून द्या.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी त्याच्या जेवणाच्या टेबलावर आमचा कारखाना सुरू झाला. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर तो पेन्सिलीने खण आखायचा. खणांवर वहिनींचे डाळी-तांदळाचे डबे मांडून कुठे भार पडतो ते मला दाखवायचा. “अरे, अंतराळात वजन नसतं,” मी मास्तरकी करायचो. “वजन नसेल, पण ढकलायला जोर लागतो की नाही?” तो म्हणायचा. “इंजिनाचा जोर मधोमध आणि माल एका अंगाला, तर तुझं जहाज गरगर फिरत बसेल, मास्तर.” तोवर आम्ही अरे-तुरेवर आलो होतो. शेवटच्या मुक्कामाचा माल सगळ्यात आत, पहिल्या मुक्कामाचा दाराशी; खाण्याचं सामान आणि औषधं वेगळी; जिवंत जनावर असेल तर हवा कुठून येणार ते आधी. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, “तुमचं जहाज हलवा, मला कुकर लावायचाय!” तूरडाळ इंजिनाजवळून उचलली जायची आणि आमचं उड्डाण तासभर लांबायचं.

त्याची एक खोड मात्र मला सुरुवातीला फार छळायची. प्रत्येक खोक्यावर बोट ठेवून तो विचारायचा, “हे कुणाचं?” मी म्हणायचो, वस्तीचं. “वस्ती काय सही करून माल घेणार? माणूस सांग. घेणाराच नसेल तर भरायचं कशाला?” मग आम्ही माणसं ठरवायचो. बियाणं, मळा सांभाळणाऱ्या वेणूबाईंचं. मधुमेहाचं औषध, सुताराच्या धाकट्या मुलीचं. वह्या, शाळेच्या. माझ्या कादंबरीच्या जहाजावर अशी एकशेबारा खोकी होती आणि साळवेच्या यादीत एकशेबारा नावं. त्यातली पाच-सहाच कादंबरीत आली. बाकीची त्याला एकट्याला पाठ होती.

भांडण झालं ते त्या कादंबरीच्या शेवटावरून. माझ्या जहाजाचं एक इंजिन बंद पडतं. नऊ माणसांना वाचवायचं तर भार कमी करायला हवा, म्हणून कप्तान निघेल तेवढा माल अवकाशात सोडून देते आणि जहाज मागे वळवते. मला तो शेवट फार आवडला होता. साळवेने पानं वाचली, शेवटचं पान पुन्हा वाचलं. मग म्हणाला, “माल टाकला, ठीक. पण तिकडे वाट बघणाऱ्यांचं काय? त्यांच्याबद्दल एक ओळ नाही तुझ्या पुस्तकात.” मी समजावलं, तो ऐकेना. शेवटी माझा तोल गेला. मी म्हणालो, “साळवे, ती खोकी खरी नाहीत आणि ती माणसंही खरी नाहीत. तू जन्मभर खोकीच भरलीस, गोष्ट तुला नाही कळायची.”

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाला, “बरं, मास्तर.” एवढंच.

कादंबरी आली, तिचं कौतुक झालं. ऋणनिर्देशात मी त्याचं नाव घातलं, पण पुस्तक हातात नेऊन द्यायची हिंमत झाली नाही, पोस्टाने पाठवलं. समोरच्या इमारतीत, पोस्टाने! सकाळी फिरायला जायची वेळ बदलली. एकदा त्याच्या जिन्यापर्यंत गेलो, आतून त्याचं हसणं ऐकू आलं आणि परत फिरलो. वाटलं, जाऊ पुढच्या आठवड्यात. माणूस कायम समोरच्या बाल्कनीत असणार, असं आपण धरूनच चालतो...

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याच्या घरी बुद्धवंदना झाली, खीर वाढून झाली. मी कोपऱ्यात बसलो होतो. वहिनी माझ्याशी नेहमीसारख्याच बोलल्या, त्याची मला जास्त लाज वाटली. लोक पांगल्यावर प्रज्ञाने मला त्याच्या खोलीत नेलं. खिडकीखालच्या छोट्या टेबलावर माझी कादंबरी होती, पानं हाताळून मऊ पडलेली. आत घडी घातलेला एक कागद होता. “शेवटचे काही महिने हेच करत होते,” ती म्हणाली. “मी म्हटलं, काकांना दाखवा ना. तर म्हणाले, तो येईल तेव्हा दाखवीन.”

मी कागद उघडला. माल टाकून दिल्यानंतरच्या जहाजाचा तो आराखडा होता. माझी कप्तान फक्त डाव्या अंगाचे दरवाजे उघडते, कारण उजवीकडचे अडकलेले असतात. मग सगळा भार उजवीकडे उरतो आणि उरलेलं इंजिन लावताच जहाज भोवऱ्यासारखं फिरणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कौतुक करणाऱ्यांच्याही आलं नव्हतं. माझी नऊच्या नऊ माणसं पुस्तकात घरी पोचली होती, खरं तर ती वाटेतच मेली होती. साळवेने पाण्याच्या टाक्या डावीकडे नेल्या होत्या, बिछाने हलवले होते, प्रत्येकाचा भार मांडून जहाज सरळ केलं होतं. जो शेवट त्याला मान्य नव्हता, त्यातली माणसं त्याने सुखरूप घरी आणली होती, आणि मला एका शब्दानेही न दुखवता. मी त्या टेबलावर डोकं टेकून रडलो.

कागदाच्या तळाशी शेरा होता, त्याच्या ठसठशीत अक्षरात : “न पोचलेला माल पुढच्या जहाजाने. वेणूबाईंना कळवणे.”

ते पुढचं जहाज मी लिहायला घेतलंय. प्रज्ञाने ती एकशेबारा नावांची यादीही शोधून दिली. रविवारी सकाळी वहिनी मला बोलावतात, टेबल मोकळं करून ठेवतात, न मागताच डबेही काढून देतात. मी खण आखतो, डबे मांडतो... आणि तिथेच अडतो. सरळ झालं की नाही, हे मला कळत नाही. विचारायचं कुणाला?