खुणांचा कॅट

जादूगाराने आपली युक्ती बायकोलाही सांगू नये म्हणतात. लग्नानंतर तीन महिने मी हा नियम कसोशीने पाळला आणि त्यापायी सासरी लबाड ठरता ठरता वाचलो. वाचलो तो एका माणसामुळे, म्हणून हे लिहितो आहे.

नोकरी माझी जयगडला, बंदरावरच्या एका कचेरीत. सुट्टीच्या दिवशी शाळांतून, वाढदिवसांतून जादूचे प्रयोग करतो. त्यासाठी पत्त्यांचा एक खास कॅट मागवला होता. दिसायला अगदी साधा, लाल पाठीचा. पण पाठीवरच्या नक्षीत कोपऱ्यात एक बारीक फूल आहे. त्याची कुठली पाकळी कोरी सोडली आहे ते पाहिलं की पत्ता कुठला ते न उलटता कळतं. लोक तोंडात बोट घालतात, मी गंभीर चेहरा करून कपाळाला हात लावतो. एवढीच माझी विद्या.

लग्नानंतरचा पहिला गणपती पावसला सासरी होता. दुपारची जेवणं झाल्यावर पडवीत मेंढीकोटाचा डाव मांडायचा हा तिथला शिरस्ता. घरचा कॅट काढला तर पत्ते सर्दावून एकमेकांना चिकटलेले. बायको कौतुकाने आत गेली आणि माझ्या बॅगेतला कॅट घेऊन आली. ह्यांच्याकडे कोरा आहे, म्हणाली. बिचारीला काय ठाऊक? तो नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. मी तो वाटू दिला, आणि वर खेळायलाही बसलो.

मेहुणा माझा भिडू. विरुद्ध बाजूला सासरे आणि शेजारचे एक काका. पत्ते वाटले, सगळ्यांनी हातात पसरून धरले आणि माझ्यापुढे उघडं पुस्तकच आलं. बदामाचा एक्का काकांकडे, दोन दश्श्या सासऱ्यांकडे. डोळे खाली ठेवून पाहिले, पण सवयीचे डोळे वाचायचे ते वाचतातच. हे बघून जिंकायचं म्हणजे सरळ चोरी. म्हणून मी उलटं खेळायला लागलो. काकांच्या एक्क्याखाली माझी दश्शी नेऊन टाकली. आमच्यावर दोनदा कोट लागला. भावोजी, तुमच्याकडे पत्ते खेळतात की नुसतेच बघतात, असं मेहुण्याने विचारून घेतलं.

सासऱ्यांचा जन्म हापूस निवडण्यात गेलेला. सालीवरच्या ठिपक्यावरून फळ पेटीत घालायचं की बाजूला काढायचं ते ठरवणारी त्यांची नजर. तिसऱ्या डावाला वाटता वाटता ते थांबले. एक पत्ता पडवीच्या कडेला उजेडात धरला, मग दुसरा. मग सगळे पत्ते गोळा करून सदऱ्याच्या खिशात घातले आणि आता चहा करा म्हणाले.

ह्यांनी पडवीत एक शब्द काढला असता, तर संध्याकाळच्या आरतीपर्यंत सगळ्या वाडीला कळलं असतं की जावई पत्त्यांत लबाडी करतो. मग बायकोने माहेरी कुठल्या तोंडाने यायचं?

त्यांनी मला एकट्याला मागीलदारी बोलावलं.

"खुणा हायत ह्या पत्त्यांवर. तुमाला ठाऊक होतं?"

"हो."

"मंग हरत कशाला होतात?"

आयुष्यात मला विचारलेला हा सगळ्यात उदार प्रश्न असेल. दुसऱ्या कुणी खुणा पाहिल्या असत्या आणि तेवढ्यावर निकाल दिला असता. त्यांनी खुणांबरोबर माझा खेळही पाहिला होता. मी सगळं सांगून टाकलं. जादूचे प्रयोग, फूल, पाकळी. फसवून घ्यायलाच जे समोर बसतात त्यांनाच ह्या पत्त्यांनी फसवतो, तेही सांगितलं. दगडी पायरीवर बसून एक खेळ करून दाखवला. ते हसले नाहीत. नुसती मान हलवली, कॅट परत दिला आणि गुरांना पाणी दाखवायला गेले. मी रात्रीच्या जेवणाला मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातून नवा कॅट आला. भिडू ठरायला लागले. मेहुण्याने हात जोडले, भावोजी सोडून कुणीही चालेल म्हणाला. पडवी हसली. मी आज नुसता बघतो, असं म्हणून मी उठायला लागलो.

"बसा," सासरे म्हणाले. "जावय माझे भिडू."

कॅटचं वेष्टन त्यांनीच फाडलं आणि पत्ते माझ्यापुढे सरकवले. पिसा, म्हणाले. माझे हात पत्त्यांचं काय काय करू शकतात, हे त्या पडवीत एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. मी पिसायला लागलो तसा त्यांनी पानाचा डबा ओढला, सुपारी निवडत बसले, आणि मी वाटून संपेपर्यंत एकदाही माझ्या हातांकडे पाहिलं नाही.