मापाचं भांडं

"हा खड्डा भरायला किती वेळ लागतो ते बघा, मग माझ्याकडे बाटली मागा."

सिस्टर जावयाला सांगत होत्या. त्यांनी त्याच्या सासूच्या सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबून उचलला होता, आणि तिथे चिकूची बी मावेल एवढा खड्डा राहिला होता.

"हिच्या अंगात पाणी साठलंय. हृदयाला ते झेपत नाही, म्हणून धाप लागते. पाणी काढायचंय, वर आणखी चढवायचं नाही."

"पण सिस्टर, सलाईनची बाटली लावल्याशिवाय आमच्याकडं कोणाला बरं नाय वाटत."

"मग तुम्ही झोपा. तुम्हाला लावते."

डहाणूच्या त्या रुग्णालयात मी इंटर्न होते. सिस्टर मूळच्या उधव्याच्या. त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहासुद्धा त्या चालत प्यायच्या, आणि कप कुठल्या खिडकीत राहिला ते मावशी शोधत फिरायच्या. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या शेजारी उभं राहिलं की आपण उगाच काहीतरी आवरायला लागतो.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. रुग्णाशी बोलायच्या आधी वाक्य मनात जुळवायचे. सिस्टर म्हणायच्या, "मॅडम, तुमचं वाक्य तयार होईपर्यंत पेशंट घरी जाईल."

पाणी साठलेल्या रुग्णाला लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं की त्या खाटेखाली मापाचं भांडं ठेवायच्या. मग दिवसभर एकच विचारणं, "दिलं किती, आलं किती?" घरी जायची घाई झालेल्या सरावलीच्या एका काकांनी एकदा भांडं काठोकाठ भरून दाखवलं. सिस्टरनी ते उजेडात धरलं. "काका, हे नळाचं आहे." काका स्वतःच हसत सुटले. प्यायला पाणी मोजून मिळतं म्हणून कासावीस झालेल्यांच्या ओठांवर मात्र त्याच सिस्टर ओला कापूस फिरवायच्या.

तर ती सासू. तलासरीकडची, घोलवडच्या वाडीत चिकू भरायला जाणारी. लघवीची नळी घालायला तिने साफ नकार दिला होता. "भांड्यात देईल ती, मी मोजते," असं सिस्टरनीच वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांना, आमच्या सरांना सांगितलं. सकाळी इंजेक्शन झालं. दुपारपर्यंत तक्त्यावर जेमतेम कपभर लघवीची नोंद होती.

खरं काय ते मला दिसत होतं. जावई भला माणूस, सासूच्या उशाशी पुठ्ठ्याने वारा घालत बसलेला, जेवायलाही उठेना. त्याच्यासमोर ती डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हती, मग भांडं कसं घेणार? ती लेकीच्या आधाराने मागच्या संडासात जाऊन यायची. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा परतताना तिने भिंत धरली, डोळे मिटले. प्रत्येक वेळी मी वाक्य जुळवलं, प्रत्येक वेळी सिस्टर दुसऱ्या खाटेशी होत्या. आणि तक्ता त्यांचा होता. त्यांच्या तक्त्यात चूक काढणारी मी कोण?

सर राउंडला आले. तक्ता पाहिला. "एवढीच? डोस दुप्पट करा." आणि ते पुढच्या खाटेकडे वळले.

सिस्टरनी इंजेक्शन भरायला घेतलं. पाणी तर निघत होतं. त्यावर दुप्पट गेलं असतं तर त्या बाईचा रक्तदाब कोसळला असता.

"सिस्टर," मी पुटपुटले, "माप अपुरं आहे. त्या मागे जातात. जावई बसलेला असतो म्हणून."

सिस्टर थांबल्या. त्यांनी वारा घालणाऱ्या जावयाकडे पाहिलं, मग स्वतःच्या अक्षरातल्या तक्त्याकडे. त्यांचा चेहरा लाल झाला. आता मला बोलणार, असं वाटलं.

"मला काय सांगता? सरांना सांगा. मोठ्याने."

"तुम्हीच सांगा ना."

"बघितलं कोणी? तुम्ही."

पुढे त्या निवृत्त झाल्या. त्या वॉर्डातला तक्ता आता दुसरं कोणी भरतं. मला आठवतात त्या त्याच क्षणीच्या, एका हातात अर्धवट भरलेली सिरिंज, दुसरा हात माझ्या पाठीवर. त्या हाताने त्यांनी मला एक पाऊल पुढे ढकललं.

"सर," मी म्हणाले, आणि सगळा वॉर्ड माझ्याकडे बघू लागला, "डोस वाढवू नका. सिस्टरांचा तक्ता चुकलाय, आणि मी ते सकाळपासून नुसतं बघतेय."