मिस वेल यांचं रडणं

तर रेडिओवरच्या त्या गाजलेल्या हुंदक्यापर्यंत आलो होतो आपण. तो हुंदका सिनेतारका मिस लेनोर वेल यांचा नव्हताच, हेस्टर क्रमचा होता! सिनेमात रडायचं तर डोळ्यांत ग्लिसरीन घालता येतं. रेडिओवर ग्लिसरीन काय कामाचं? मिस वेल रडायला लागल्या की ठसका लागल्यासारखं वाटे. म्हणून हॉलिवूडच्या त्या स्टुडिओत दर सोमवारी साबणवाल्यांच्या पैशावर चालणाऱ्या तासाभराच्या नाटकात मिस वेल रुमालात तोंड लपवत, आणि कनातीआडच्या माइकपाशी हेस्टर रडे. अकरा वर्षं हेच. तान्ही बाळं, मरायला टेकलेल्या म्हाताऱ्या, किंचाळणाऱ्या मोलकरणी, सगळी बिऱ्हाडं तिच्या एका गळ्यात.

नाटकात पावलांचे, दारांचे आवाज काढणारा डॉमिनिक बायकी टाचांचे बूट हातात घालून फळीवर मिस वेल यांची चाल वाजवी. तो म्हणे, "हेस्टर, चालणं माझं, रडणं तुझं. मग ही बाई येते कशाला?"

"फोटोला!"

पण ओहायोहून आईचं पत्र आलं की हेस्टरचं हसू मावळे. 'अकरा वर्षांत एकदाही तुझं नाव ऐकलं नाही. खरं सांग पोरी, कुणाची भांडी घासतेस?' म्हातारी अंथरुणाला खिळलेली; डॉक्टरांनी हात टेकले होते.

हेस्टरने दिग्दर्शक पिल्सची पाठच धरली. शेवटी नावं वाचतात, त्यात एकदा माझंही घ्या. दोनदा त्याने उडवून लावलं. मग त्या हुंदक्यावर लोकांची पोतंभर पत्रं आली, तेव्हा तो विरघळला. "घेतो. पण नुसतं नाव. रडण्याबद्दल अवाक्षर नाही!"

हेस्टरने घरी तार ठोकली. म्हातारीने चर्चमधल्या झाडून साऱ्या बायका खाटेभोवती बसवल्या.

संध्याकाळी पाचचा प्रयोग ओहायोसकट पूर्वेकडच्या गावांसाठी. तिथली घड्याळं पुढे, तोवर जेवणं उरकलेली असत. आठला तेच नाटक पुन्हा, ते फक्त आपल्या पश्चिमेपुरतं. त्या दिवशी पाचला हेस्टर अशी रडली, की समोर प्रेक्षकांत बसलेल्या बायकांनी रुमालासाठी पर्सा उघडल्या. नाटक संपलं. मग नेहमीच्या गप्पा. निवेदकाने आधी साबणाची आरती केली आणि विचारलं, "मिस वेल, इतकं खरंखुरं रडता तरी कसं?"

उत्तर एका ओळीचं लिहून दिलेलं होतं. मिस वेलनी कागद बाजूला सारला. "माझी आई आठवते हो मला..." आणि आई, आईची शाल, आईची कबर, सगळं आलं. काचेपलीकडून पिल्स हातवारे करून दमला. वेळ भरली. नावांचा कागद निवेदकाच्या हातातच राहिला.

हेस्टर कनातीबाहेर आली.

"मी तरी काय करू?" पिल्स पुटपुटला. "साबणाची जाहिरात कापता येत नाही, आणि त्यांना गप्प कोण बसवणार?"

मिस वेल स्वतः जवळ आल्या, हेस्टरचा गाल थोपटला. "अगं, लक्षातच राहिलं नाही बघ! आठला थोडक्यात आटपते, म्हणजे तुझं नाव नक्की येईल. आणि शेवटचा हुंदका मात्र अस्साच हवा हं."

हेस्टरने खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली, पिन खोचली आणि म्हणाली, "आठचं ओहायोत ऐकू जात नाही, बाई. आठला तुमचं तुम्हीच रडा. तुम्हाला आई आठवते ना!"